रिबिल्ट गिअरबॉक्स, पुढून गळती आणि एक सील

दोन लाख मैल पळालेल्या माझ्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (मॉडेल ४एल६०-ई) शेवटी बंद पडला. इथे टेक्सासात असल्या कामाची मजुरीच इतकी, की रिबिल्ट, म्हणजे खोलून दुरुस्त केलेलं युनिट मागवून मित्राच्या मदतीने घरच्या ड्राइव्हवेवरच चढवलं. ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या फ्लश केल्या, नाहीतर जुन्या गिअरबॉक्सचा चुरा नव्यात जातो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसल्याची खात्री केली आणि मगच बोल्ट आवळले.

कोरडा गिअरबॉक्स आणि कोरडा कन्व्हर्टर मिळून साधारण ११ क्वार्ट ऑइल पितात (क्वार्ट म्हणजे लिटरहून जरासं कमी). नुसता पॅन उतरवून बदललं तर पाचेक क्वार्ट पुरतं. त्यामुळे आधी थोडं भरायचं, इंजिन चालू करायचं, सगळे गिअर फिरवायचे आणि मग बाकीचं. लेव्हल बघायची ती गाडी सपाट जागी, पार्कमध्ये, इंजिन चालू आणि ऑइल गरम असताना. इंजिन बंद असलं की कन्व्हर्टरमधलं ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरतं आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) भलतंच जास्त दाखवते.

हे सगळं नीट झालं. गाडी चालली, गिअरही छान पडले. फक्त हायवेवरून आलो की बेलहाउसिंगच्या (कन्व्हर्टरभोवतीच्या आवरणाच्या) खाली लाल थेंब.

पुढून गळतंय म्हटल्यावर जो तो म्हणाला, फ्रंट सील (कन्व्हर्टर पंपात शिरतो तिथलं) गेलं, गिअरबॉक्स उतरवा. आमच्या ओळखीचे एक काका पूर्वी पिंपरीत हेच काम करायचे. त्यांना व्हिडिओ पाठवला. म्हणाले, "घाई करू नकोस रे. आधी कन्व्हर्टरची पाठ बघ."

सील गळत असेल तर ती पाठ ओली हवी. बेलहाउसिंगचं कव्हर काढून टॉर्च मारला. कन्व्हर्टर कोरडा ठणठणीत! ओल होती ती हाउसिंगच्या बाहेरून, वरून खाली आलेली. वर गिअरबॉक्सचा व्हेंट, म्हणजे हवा जायचं भोक असतं. म्हणजे ऑइल सीलमधून नव्हे, व्हेंटमधून उतू जात होतं. डिपस्टिक काढली तर लेव्हल बरोबर, पण पातीवर ताक घुसळल्यासारखा बारीक फेस. रंग मात्र स्वच्छ लाल. दुधाळ गुलाबी असता तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट शिरलंय, हे उघड होतं.

ऑइल जास्त झालं की फिरते भाग त्यात बुडतात आणि फेस येतो. म्हणून थोडं काढून पाहिलं. फरक शून्य. मग लक्ष गेलं ते आवाजाकडे: सकाळी थंड इंजिनवर बारीक घूं घूं, ॲक्सिलरेटर दिला की वाढणारी. पंप ऑइलबरोबर हवाही ओढत होता.

पॅन उतरवला. (आधी खाली मोठा ट्रे ठेवा, तरी सांडणारच.) फिल्टरची मान पंपाच्या भोकात रबरी सीलमध्ये घट्ट बसलेली असते, ओढायला जोर लागतो. माझा फिल्टर दोन बोटांत अलगद खाली आला. सीलची एक कड सोललेली होती. ही जागा ऑइलच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे इथून काही गळत नाही, हवा मात्र आत जाते.

जुनं सील भोकाला ओरखडा न पाडता काढणं, एवढंच काय ते जिकिरीचं. नवं सील मापाच्या सॉकेटने सरळ ठोकून बसवलं, फिल्टर नवा टाकला, पॅनचे बोल्ट ११ न्यूटन-मीटरला आवळले. फेस गेला, आवाज गेला, व्हेंटही सुकला.

रिबिल्ट करणाऱ्यांना फोटो पाठवले. त्यांनी सीलचे पैसे लगेच परत केले. ऑइलचे मात्र वॉरंटीत बसत नाहीत म्हणे.