'मग, आदिवासी भेटले का?'

पेरूतल्या मानू राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले म्हटलं, की फोटो बघायच्या आधीच लोक विचारतात, "मग, आदिवासी भेटले का?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच नीट लिहून टाकते. भेटले. पण तुमच्या मनात जे आहेत ते नाहीत. आणि ते भेटले नाहीत हे बरंच झालं.

कुस्कोहून पहाटे निघालो. पाउकार्ताम्बो मागे टाकून गाडी साडेतीन हजार मीटरवरच्या खिंडीत चढली आणि मग तासन्‌तास नुसती उतरत राहिली. वर गार वारा आणि पिवळं गवत, त्याखाली शेवाळानं लगडलेलं मेघवन, आणि तळाला पोचेपर्यंत अंगाला शर्ट चिकटलेला. अताल्याला गाडी सोडायची. पुढे आल्तो माद्रे दे दिओस नदीतून होडीनं बोका मानूपर्यंत, आणि तिथून मानू नदीत वळून प्रवाहाविरुद्ध. लिमोनालच्या चौकीवर परवाने दाखवून नावं लिहिली. उद्यान १९७३ मध्ये स्थापन झालं, १९८७ पासून जागतिक वारसा आहे, आणि पसारा सुमारे सतरा लाख हेक्टर. त्यातली मानूच्या खालच्या टप्प्यातली चिंचोळी पट्टी पर्यटकांसाठी, तीही परवानाधारक सहल कंपनीबरोबर गेलात तरच. त्यापलीकडे तुम्हाआम्हाला प्रवेश नाही.

मुक्काम कोचा साल्वादोर या तळ्याजवळ होता. भूगोलाच्या पुस्तकातलं नालाकृती सरोवर आठवतंय? नदीनं वळण सोडून सरळ वाट धरली की मागे उरतं ते. इथे माणसाएवढी लांब पाणमांजरं कुटुंबानं राहतात. सकाळी धुक्यात त्यांचं मासे कडाकडा चावणं पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होतं. केवळ तेवढ्यासाठी मी पुन्हा जाईन. पण तुम्ही हे विचारत नाही, तुम्ही माणसांचं विचारता.

तर माणसं. आम्ही उतरलो ते लॉज मात्सिगेन्का या आदिवासींचं, तायाकोमे आणि योमिबातो या दोन गावांच्या मालकीचं. ही गावं उद्यानाच्या आतच, नदीच्या वरच्या अंगाला आहेत. तिथे पर्यटकांना जाता येत नाही, तिथली माणसं पाळीपाळीनं खाली कामाला येतात. त्यांच्यातल्या एकाबरोबरचा माझा फोटो पाहून लोक हिरमुसतात, कारण त्याच्या अंगात फुटबॉलचा टीशर्ट आहे. सुती झगा, कुश्मा म्हणतात तो, त्यांच्याकडे असतो. पण घामाच्या धारा लागलेल्या असताना होडीतून गॅसची टाकी उतरवायला तो कोण घालणार?

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात मी शिंकले. कुस्कोच्या थंडीतली सर्दी, बाकी काही नाही. आत कसावा सोलणाऱ्या बाईनं एक शब्द न बोलता मांडीवरचं पोर उचललं आणि ती पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. मला राग आला, खोटं का बोलू? वाटाड्यानं संध्याकाळी मला बाजूला घेतलं. मानूच्या पश्चिमेच्या जंगलातले नाहुआ लोक १९८४ मध्ये लाकूडतोड्यांच्या संपर्कात आले. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास लोक मेले, बहुतेक खोकला, ताप आणि न्यूमोनियानं. शरीराला त्या रोगांची ओळखच नव्हती. उरलेले तीन दिवस मी तोंडाला रुमाल बांधून, वेगळ्या टेबलावर जेवले. सांगायची वेळ कुणावर येऊ दिली नाही, एवढंच काय ते माझं शहाणपण.

आता तुमच्या मनातले, म्हणजे जंगलात बाहेरच्यांपासून लांब राहणारे. बाहेरचे लोक त्यांना माश्को पिरो म्हणतात. 'माश्को' हा हिणवणारा शब्द आहे. त्यांची बोली ज्यांना समजते ते यिने लोक त्यांना 'नोमोले' म्हणतात, म्हणजे भाऊबंद. ते 'अजून कुणाला सापडलेले नाहीत' असं जे लिहिलं जातं, ते मला चीड आणतं. सापडले होते की! १८९४ च्या सुमाराला कार्लोस फित्सकाराल्द हा रबराचा व्यापारी सुटी केलेली आगबोट डोंगरापलीकडून वाहून आणून याच मानू नदीत उतरला आणि त्याच्या माणसांनी वाटेतल्या लोकांची कत्तल केली. जे वाचले ते जंगलात आत गेले, आत्ताचे नोमोले त्यांचेच वंशज मानले जातात. त्यांनी आपल्याला पाहिलंय, आणि पाहून ठरवलंय.

अलीकडे ते अधूनमधून नदीकाठी येतात, केळी आणि कोयते मागतात. २०११ मध्ये एक मात्सिगेन्का माणूस त्यांच्या बाणानं मेला. त्यांच्याशी बोलू शकणारा होता तो, वर्षानुवर्षं त्यांना भांडी, कोयते देणारा. असं का झालं याचे तर्क वाटाड्यानं तीन सांगितले आणि चौथा सांगता सांगता गप्प बसला. तेव्हा होडीवाल्यांचा नियम साधा आहे: कुणी दिसलं तरी थांबायचं नाही, कपडे किंवा खाणं काठावर ठेवायचं नाही.

परतताना उद्यानाच्या बाजूच्या काठावर काहीतरी हललं. आमच्यातला एक जण कॅमेरा घेऊन उभाच राहिला. नावाड्यानं त्याला खांदा दाबून खाली बसवलं, होडी पलीकडच्या काठाला घेतली आणि इंजिन वाढवलं. त्या गडबडीत निघालेल्या फोटोत केळीची चार झाडं आणि फोटो काढणाऱ्याचा अंगठा आहे. कुणी फारच खोदून विचारलं, तर मी तोच दाखवते.