तुम्ही विचारलंत म्हणून : वरख नाही हो, रंगच आहे

घरी आलेलं माणूस काचेच्या कपाटातल्या मिग-21 लढाऊ विमानाच्या मॉडेलसमोर थबकतं आणि विचारतं, "काकू, यावर वरख लावलाय का?" ग्वाल्हेरकरच ते. बर्फीवर वरख, जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर ब्रँडी-सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी; चकाकलं की आम्हाला चांदीच आठवणार.

विमान प्लास्टिकचं आहे, खऱ्याच्या 72 पट लहान, आणि वर रंग आहे. वरखही एकदा लावून पाहिला होता. सहा महिन्यांत काळा पडला. चांदीच ती, हवेतल्या गंधकाने काळवंडायचीच. पण एक धडा देऊन गेला. बर्फी खरबरीत असली तर वरख तिचा कण न् कण दाखवतो. धातूचा रंगही असाच चुगलखोर.

हिशेब करा. डोक्याचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. तेवढाच ओरखडा प्लास्टिकवर राहिला तर 72 पटीने तो खऱ्या विमानाच्या पंखावरची 5 मिलिमीटरची चर होते! म्हणून माझा बहुतेक वेळ रंगाच्या आधीच जातो. सांध्यात पुट्टी, मग पाणी लावून वॉटर पेपरने घासणं, शेवटचा हात 2000 नंबरच्या अगदी बारीक कागदाचा. डोळ्यांवर विश्वास नाही; नखाने चाचपते.

मग काळा रंग. इथे सगळे दचकतात. चंदेरीचा थर इतका पातळ असतो की थोडा उजेड त्यातून आरपार जातो. खाली पांढरं असेल तर तो परत येऊन चमक दुधाळ करतो. काळा तो गिळून टाकतो आणि डोळ्यापर्यंत फक्त धातूच्या कणांवरून परतलेला उजेड येतो. काळा मात्र चकचकीत हवा. पहिल्यांदा मे महिन्यात गच्चीवर मारला आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली. आमच्या लष्कर भागातली सगळी धूळ त्या पंखांवर! आता रंग दिला की वर टोपली.

खिडकीच्या ग्रिलला मारतात तो सिल्व्हर चालत नाही. त्याचे कण जाडे, एवढ्याशा विमानावर टिकलीसारखे चमचमतात. बारीक कणांचा लॅकर रंग घ्यायचा, एअरब्रशने (हवेने रंग फवारणारं पेनाएवढं यंत्र), हवेचा दाब 12 ते 15 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), पातळ-पातळ हात. काळं जेमतेम झाकलं की थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड. "अजून एकच हात" म्हणून दोन विमानं घालवली आहेत मी.

तरी सगळं विमान एकाच चंदेरीत रंगवलं की ते स्टीलच्या डब्यासारखं दिसतं. पत्रे वेगवेगळे, इंजिनाजवळचा भाग तापून तपकिरी-निळसर. म्हणून त्याच रंगात थेंबभर काळा किंवा तपकिरी मिसळून काही चौकोन वेगळे काढते. चौकोनाच्या कडेला लावायची टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा मारते, नाहीतर रंगासकट उठते. नाकाचा शंकू हिरवाच ठेवते. आत रडार, धातू तिथे चालतच नाही. आपली सुरुवातीची मिग अशीच उघड्या धातूची होती. 1971 च्या युद्धात काहींवर घाईने हिरवा चढला.

वरून वॉर्निश मारत नाही, त्याने चमक मंदावते. म्हणून एक विनंती, कपाट उघडण्याआधी हात धुवा. परवा एकाने बर्फी खाऊन पंख धरला. तो पंख सध्या पुन्हा काळा आहे.