नवव्या दिवशी घाटात

आमच्या निपाणीत तंबाखूचा वास मुद्दाम घ्यावा लागत नाही, तो हवेतच असतो. आई वखारीत कामाला जायची. संध्याकाळी पदर झटकला की भुकटी उडायची, आणि रात्रभर तिचा खोकला. याच तंबाखूच्या भावासाठी 1981 साली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर रस्ता अडवून धरला होता. चूल ज्याच्यावर पेटते ते वाईट आहे, हे अशा गावात कोण कुणाला सांगणार? चौदाव्या वर्षी मी आज्ज्याच्या चंचीतली पहिली चिमूट उचलली. पुढं सव्वीस वर्षं खिशात पुडी आणि चुन्याची डबी.

रविवारी उपासनेला जायचो, गीतं गायचो, आणि आशीर्वाद झाला की चर्चच्या मागच्या भिंतीशी जाऊन बार भरायचो. उजव्या अंगठ्याचं टोक चुन्यानं फुटलेलं असायचं. प्रभुभोजनाची भाकर घेताना मी तो अंगठा आत दुमडून घ्यायचो.

एका भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ठरवलं, चाळीस दिवस तोंडात काही टाकायचं नाही. पहिले तीन-चार दिवस डोकं फुटायची वेळ आली. पाण्याचा तांब्या सांडला म्हणून लेकीवर असा ओरडलो, की ती रात्री माझ्याजवळ झोपायला आली नाही. नवव्या दिवशी तवंदी घाटात गाड्या अडकल्या. शेजारच्या टेम्पोवाल्यानं मळलेला तळहात पुढं केला. मी घेतली.

याआधी दर वेळी इथंच संपायचं. देवाला दिलेला शब्द मोडला, आता कुठल्या तोंडानं प्रार्थना करू, म्हणून महिना महिना चर्चची पायरी चढायचो नाही. त्या दिवशी मात्र माझा टेम्पो थेट पाळकसाहेबांच्या दारात लावला आणि सांगून टाकलं. त्यांनी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढून मलाच वाचायला लावला. जे करू नये ते माझ्या हातून घडतं, अशी कबुली ते पत्र लिहिणाऱ्या खुद्द पौलानं तिथं दिलीय. वाचताना माझा आवाज फुटला.

"उद्यापासून सकाळी सहाला फोन कर," साहेब म्हणाले. "तलफ आली तरी कर, खाल्लीस तरी कर. आणि सरकारी दवाखान्यात जाऊन ये."

औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं मी म्हटलं. त्यावर ते चिडले. "चष्मा लावून बायबल वाचतोस, तेव्हा कमी पडतो काय रे?"

डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं. 1800-11-2356 हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा सरकारी नंबरही दिला, फुकट लागतो. तलफ काही मिनिटांचीच असते, हेही तिथंच कळलं. तेवढ्या वेळात मी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायचो, एकेका शब्दावर थांबत. कधी दोनदा, कधी पाचदा. येशूनं माझी तलफ एका रात्रीत काढून घेतली नाही. पण त्या मिनिटांत मी एकटा नव्हतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

याला चार वर्षं झाली. आता सकाळी सहाला माझा फोन वाजतो. आमच्याच मंडळीतला एक पोरगा आहे. काल तो घसरला, म्हणून आज जरा जास्त वेळ बोलत बसलो.