पावसाची सरासरी आणि बोलकी चुकीची उत्तरं

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या नवशिक्यांना लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणं) येतो, 'इफ' (अट घालणं) येतं, बेरीज तर शाळेपासून येते. तरी प्रश्न हातात दिला की गाडी अडते, कारण हे तुकडे एकमेकांत बसवायचे कसे ते कुणी शिकवलेलं नसतं. आणखी सिंटॅक्स (भाषेत लिहिण्याचे नियम) शिकवून ही अडचण सुटत नाही.

तुकडे जोडणं शिकवायला पावसाच्या सरासरीचा प्रश्न फार उपयोगी. संगणक संशोधक एलियट सोलोवे यांच्या १९८६ च्या लेखामुळे तो संगणक शिक्षणात रुळला. त्याचं एक प्रचलित रूप असं: रोजच्या पावसाचे आकडे एकेक करून वाचा, ऋण आकडा आला तर सोडून द्या, ९९९९९ आला की थांबा आणि सरासरी सांगा.

हे कागदावर सोडवायला दिलं की मुलं अख्खी ओळ एका नजरेत पाहतात, ऋण आकडे खोडतात आणि भागाकार करून मोकळी होतात. उत्तर बरोबर येतं, पण रीत सापडत नाही, कारण संगणकाला ती ओळ दिसतच नाही. म्हणून आकडे चिठ्ठ्यांवर लिहून गड्डी पालथी ठेवा. एकाने चिठ्ठी वाचून बाजूला टाकायची, मागे वळून बघायचं नाही. दुसऱ्याकडे पेन्सिल, खोडरबर आणि कागदावर आखलेल्या चौकटी. किती चौकटी लागतील ते त्यांनाच ठरवू द्या. कुणी 'सरासरी'ची चौकट काढून प्रत्येक चिठ्ठीला भागाकार करत बसेल; बसू द्या, लवकरच कंटाळेल. शेवटी 'बेरीज' आणि 'मोजणी' या दोनच उरतात. व्हेरिएबल म्हणजे अशीच आकडा साठवायची चौकट, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता चाचणीचे आकडे, आणि इथे शिकवणाऱ्याने घाई करू नये. १०, २०, ३० असले गुळगुळीत आकडे देऊ नका. त्यांच्यावर चुकीचा प्रोग्रामही बरोबर उत्तर देतो. हे घ्या: १२, ०, -५, -४, २०, ९९९९९. बेरीज ३२, मोजणी ३, सरासरी १०.६७. हे उत्तर कीबोर्डला हात लावण्याआधी वहीत लिहून घ्यायचं.

या आकड्यांची गंमत अशी की नेहमीची प्रत्येक चूक वेगळं उत्तर देते. १६ आलं तर अट 'शून्याहून मोठा' अशी लिहिली गेली आणि कोरडा दिवस गळला. ६.४ आलं तर मोजणी वाढवणारी ओळ अटीच्या बाहेर पडली. पायथन या भाषेत एवढ्याला इंडेंटेशनची (ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या जागेची) एक चूक पुरते. ४.६ म्हणजे ऋण आकड्यांची अटच नाही. २०००० च्या वर काही आलं तर ९९९९९ पाऊस म्हणून धरला गेला. आणि नुसतं २० आलं, तर बेरीज आणि मोजणी दोन्ही लूपच्या आत शून्य होताहेत, म्हणून शेवटचाच आकडा उरला. 'चुकलं' असं न म्हणता '६.४ का आलं असेल?' असं विचारा.

सर्वांत जास्त गोंधळ वाचण्याच्या जागेवरून होतो. पहिला आकडा लूपच्या आधी वाचायचा आणि पुढचा लूपच्या अगदी शेवटी. शेवटचं वाचन विसरलं तर १२ वरच प्रोग्राम फिरत राहतो. तेच वाचन लूपच्या सुरुवातीला गेलं तर पहिला १२ हरवतो आणि ९९९९९ बेरजेत शिरतो. चार रकान्यांचा ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम कागदावर हाताने चालवून पाहणं (वाचलेला आकडा, अट खरी की खोटी, बेरीज, मोजणी), केला की तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत हे बहुतेक उघडं पडतं. रकाने मुलांनी भरायचे, आपण फळ्यावर भरून दाखवायचे नाहीत.

राहिल्या तीन छोट्या चाचण्या. नुसता ९९९९९ दिला की शून्याने भागाकार होऊन प्रोग्राम कोसळतो. मग मुलं 'बेरीज शून्य असेल तर भागू नका, नोंद नाही असं सांगा' अशी अट घालतात. त्यांना ०, ९९९९९ द्या: पाऊस खरोखरच शून्य, सरासरीही शून्य, पण प्रोग्राम म्हणतो नोंदच नाही. अट मोजणीवर हवी होती. मग -१, ९९९९९ द्या. इथे आकडा आला, पण धरण्याजोगा एकही नाही. 'नोंद नाही' हे उत्तर आता बरोबर.