३२० मीटरवरची घंटा: ऐकू येते, आणि लांबूनच येते

घंटा लागली एकदाची! हेडफोनवर दरीचा चौफेर आवाज उभा करायच्या माझ्या प्रोजेक्टमधली ती ३२० मीटरवरची घंटा आता स्पष्ट ऐकू येते आणि तरीही पलीकडच्या उतारावरच राहते. मागच्या नोंदीपर्यंत दोन्हींपैकी एकच मिळत होतं. कुऱ्हाड, कुत्रा आणि हाक मारणारा माणूस हे बाकीचे सोर्सही, म्हणजे जागा ठरवून ठेवलेले आवाजही, त्याच वाटेने सुटले. बेड, म्हणजे मागचा वाऱ्याचा चौफेर थर, तोच आहे, तिसऱ्या ऑर्डरच्या अँबिसॉनिक्सचा (सगळ्या दिशांचा आवाज एकत्र साठवण्याची पद्धत), १६ चॅनेलचा.

अडचण नेमकी काय होती ते सांगतो, कारण यात बरेच जण अडकलेले दिसतात. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल (डीबी) जातात. माझं संदर्भ अंतर, जिथे आवाज मूळ पातळीला धरतो ते, २ मीटर, म्हणजे ३२० मीटरवर घंटा ४४ डीबी खाली. खऱ्या जगात हे चालतं, कारण खरी घंटा जवळून कान बधिर करेल इतकी मोठी असते. मिक्समध्ये मात्र घंटा आणि पायाखालचा पाचोळा जवळजवळ एकाच पातळीला नॉर्मलाइझ होऊन येतात. मग ४४ डीबी वजा केल्यावर उरतो तो फक्त वारा.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे रोल-ऑफ (अंतरानुसार आवाज घटण्याचा उतार) सौम्य करणं. ३२ मीटरपर्यंत खरा नियम, पुढे दर दुपटीला ३ डीबीच. त्यात साधारण १० डीबी परत मिळतात. घंटा ऐकू आली, पण धावत जवळ आल्यासारखी. कितीही कर्व्ह बदला, जेवढी ऐकू येणार तेवढीच जवळ येणार. डोकं फिरायची वेळ आली होती.

मेख सिग्नलच्या वाटेत होती. मी वापरतो त्या आवाजाच्या इंजिनात अंतराचा कर्व्ह फक्त ड्रायला (थेट आवाजाला) लागतो, रिव्हर्बचा (परावर्तित आवाजाचा, म्हणजे वेटचा) सेंड, तिकडे जाणारी फांदी, त्याच्या आधीच फुटतो. म्हणजे ड्राय १० डीबी वर, वेट जागच्या जागी, आणि थेट-परावर्तित गुणोत्तरही १० डीबीने वर. लांबचं-जवळचं ठरवताना कान या गुणोत्तरावर फार विसंबतो. एचआरटीएफ, म्हणजे डोकं आणि कान आवाज कसा बदलतात त्याचं मोजमाप, इथे कामाचा नाही. साधारण एक मीटरपलीकडे तो दिशा सांगतो, अंतर नाही. म्हणूनच केमार या मोजणीच्या पुतळ्याचा १९९४ चा संच, जो १.४ मीटरवरून मोजलेला आहे, मला या कामाला अजून पुरतो. 'लांबच्या आवाजासाठी खास' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांवर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

तर आता अंतराचा कर्व्ह मी भौतिकशास्त्राच्या हवाली केलाय, त्याला हात लावायचा नाही. तेच १० डीबी सोर्सच्या तोंडाशी, ड्राय आणि सेंड वेगळे होण्याच्या आधी द्यायचे. रिव्हर्ब लिनिअर असल्यामुळे दोन्ही वाटा सारख्याच वर येतात आणि गुणोत्तर हलत नाही. सगळ्या सोर्सना मिळून एकच रिव्हर्ब चालतो, त्यामुळे सीपीयूवर वेगळा भारही नाही. पातळी वाढली तरी घंटा तिथेच! हेडफोन उतरवून पुन्हा घातले, तरी तिथेच. तो क्षण मी मनसोक्त चाखला.

हवेच्या शोषणाबद्दलही एक सांगायचंय. तयार प्रीसेटमधले लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारे फिल्टर) भलतेच आक्रमक असतात. २० अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रतेला १ किलोहर्ट्झवर किलोमीटरमागे सुमारे ५ डीबी जातात, ४ किलोहर्ट्झवर २३, ८ किलोहर्ट्झवर ७७. म्हणजे ३२० मीटरवर अनुक्रमे दीड, सात आणि पंचवीसच्या आसपास. सरसकट १ किलोहर्ट्झला कापलं की आवाज लांबचा वाटत नाही, गोधडीखालचा वाटतो. मी आता ८ किलोहर्ट्झच्या आसपास हाय-शेल्फ (वरचा सगळा भाग खाली घेणारा फिल्टर) आणि त्याआधी हलका उतार ठेवलाय. बोनस असा की तोंडाशी गेन वाढवल्यावर रेकॉर्डिंगचा जो हिस (बारीक सूं-सूं) वर आला होता, तोही त्यातच गेला. हिस ऐकू आला की दूरपणाचं सोंग लगेच उघडं पडतं.

हाक मारणाऱ्याचं काम सगळ्यात सोपं निघालं. साध्या बोलण्याचं रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि खरोखर ओरडून घेतलं. ओरडलेला आवाज कितीही हळू वाजवा, तो लांबचाच वाटतो, कारण घशावरचा ताण स्पेक्ट्रममध्येच दिसतो. कुजबुज मोठी करून कोणी लांब जात नाही.

उरला वारा. झुळूक आली की घंटा पुन्हा गडप. हे शुद्ध मास्किंग, एका आवाजाने दुसरा झाकणं. त्यावर बेड आभासी स्पीकरांवर डीकोड करून (वाटून), घंटेच्या दिशेचे स्पीकर ५०० ते २००० हर्ट्झमध्ये ६ डीबी खाली घेऊन परत एन्कोड केला. घंटा वर आली, पण मान फिरवली की वाऱ्यात भोक पडल्यासारखं जाणवतं. घंटा वाजेल तेवढ्यापुरतंच डकिंग केलं (वारा खाली घेतला) तर वारा वर-खाली होत धापा टाकतो. रिलीज (वारा परत वर यायचा वेळ) लांबवून भोक आणि धाप यांच्यात तडजोड शोधायची, असा बेत होता.

पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. ५०० हर्ट्झच्या आसपास गोंगाट दोन्ही कानांत एकसारखा असेल आणि स्वर उलट फेजमध्ये (एका कानातली लाट दुसऱ्याच्या उलटी), तर तो स्वर, दोन्ही कानांत सारखा असताना लागतो त्यापेक्षा सुमारे १५ डीबी हळू असूनही सापडतो. गोंगाट दोन्ही कानांत स्वतंत्र असेल तर हा फायदा दोन-चार डीबीवर येतो. आणि मी काय करून ठेवलंय? वारा प्रशस्त वाटावा म्हणून तो खालच्या फ्रिक्वेन्सींपर्यंत डीकोरिलेट केलाय, म्हणजे दोन कानांत वेगवेगळा! अगदी बाजूने येणारा आवाज दोन कानांत साधारण ०.६५ मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतो. ५०० हर्ट्झला ती जवळजवळ एक तृतीयांश सायकल होते, म्हणजे उलट फेज नसली तरी बरीच मजल. तेव्हा १ किलोहर्ट्झखाली बेडचा डब्ल्यू चॅनेल (दिशा नसलेला) वरचढ ठेवायचा, वरची रुंदी तशीच राहू द्यायची.

खोच हेड-ट्रॅकिंगची (मान वळेल तसा आवाज फिरवण्याची) आहे. घंटा ऐकली की माणूस तिच्याकडे वळणार, आणि समोर आली की दोन्ही कानांत फरक शून्य, फायदाही शून्य. म्हणून दोन्ही ठेवावं म्हणतो. घंटा बाजूला असताना अरुंद वारा काम करेल, आणि मान वळून कोन २० अंशांच्या आत आला की दिशेचं डकिंग हळूहळू सुरू होईल. समोर बघताना वाऱ्यातलं भोक घंटेनेच भरलेलं असेल, त्यामुळे ते कमी खटकावं. डकिंगची खोली आता ६ वरून ३ डीबीवर आणून आधी कुत्र्यावर तपासतो, कारण भुंकणं तुटक असल्यामुळे धाप त्यात सगळ्यात आधी पकडली जाते.