कणसुरा ओबो

गेल्या वर्षी एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत माझ्या गळ्यात पडलं. बजेट म्हणजे तालमीतला चहा. वादक बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून एक मोफत ऑर्केस्ट्रा लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या एकेका सुराच्या रेकॉर्डिंगचा संच, डाउनलोड केली आणि कीबोर्डवर धून बांधली. तालमीत ऐकवली तर दिग्दर्शक म्हणाला, "अगं, सनई छान आहे, पण वरचा सूर कणसुरा लागतोय." सनई नव्हे, ओबो हे पाश्चात्त्य फुंकवाद्य होतं ते. दोन्ही दुहेरी पत्तीची वाद्यं, तेव्हा ती चूक माफ. कणसुराबद्दल मात्र त्याचा कान खरा निघाला.

घरी येऊन कीबोर्डची एकेक पट्टी दाबत ट्यूनर, म्हणजे सूर किती चढा-उतरा ते दाखवणारं साधन, लावून बसले. वरचा एक सूर तब्बल २२ सेंट चढा. (एका अर्धस्वराचे १०० सेंट.) त्यात या लायब्ररीत दर तिसरा सूरच रेकॉर्ड केलेला, मधले सूर त्यालाच खाली-वर ताणून काढलेले. म्हणजे एक रेकॉर्डिंग बिघडलं की तीन पट्ट्या बेसूर.

सुदैवाने लायब्ररी एसएफझेड प्रकारातली होती. ही नुसती मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. कुठली वेव्ह फाइल (म्हणजे रेकॉर्डिंग) कुठल्या पट्टीपासून कुठवर वाजवायची, तिचा मूळ सूर कोणता, एवढंच त्यात लिहिलेलं. त्या ओळीत 'ट्यून' पुढे उणे २२ टाकलं, स्फोर्झान्दो या मोफत प्लेयरमध्ये फाइल पुन्हा उघडली आणि सूर जागेवर. मूळ रेकॉर्डिंगला हातही लावावा लागला नाही.

मग चटकच लागली. काही सुरांच्या आधी बारीकशी शांतता होती, त्यामुळे जलद जागी ओबो मागे रेंगाळायचा. रेकॉर्डिंगचा सुरुवातीचा किती भाग गाळायचा ते 'ऑफसेट'ने सांगता येतं. तो सॅम्पलमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या आवाजाच्या एकेका नोंदीत, मोजतात: सेकंदाला ४४,१०० असतील तर ५० मिलिसेकंद म्हणजे २,२०५. उत्साहाच्या भरात जरा जास्तच कापलं आणि वादकाच्या जिभेचा तो सुरुवातीचा टोलाच उडाला. ओबोची पेटी झाली! निम्मं परत दिलं.

एका सुरात खुर्ची करकरल्याचा आवाज होता. तो बदलायला आयोवा विद्यापीठाची मोफत रेकॉर्डिंग्ज घेतली. ती त्यांनी प्रतिध्वनीच नसलेल्या खोलीत केलेली आहेत, त्यामुळे सूर स्वच्छ, पण एकदम कोरडा. बाकीचा ओबो सभागृहात आणि हा एकटा कपाटात बसून वाजवतोय असं वाटायला लागलं. त्याला वेगळा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावून पाहिला, जमेना. शेवटी शेजारचा सूर ताणून तिथे बसवला. हीच युक्ती व्हायोलिनच्या तुटक सुरांनाही कामी आली. एकच रेकॉर्डिंग लागोपाठ वाजलं की मशीनगन ऐकू येते. एकदा स्वतःचं, एकदा शेजारचं असं आलटून पालटून लावलं तर बरंच माणसासारखं वाटतं.

सगळ्यात मोठी चूक तंतुवाद्यांत केली. तिथला प्रत्येक सूर ट्यूनरच्या काट्यावर शून्याला आणून ठेवला. तीन रात्री गेल्या. निकाल? सपाट, निर्जीव. एकल ओबोत २२ सेंट खुपतात, पण व्हायोलिन, व्हायोला, चेलो एकत्र वाजताना त्यांच्यातल्या चार-पाच सेंटांच्या फरकामुळेच घोळका ऐकू येतो. बरं, जुन्या फाइलची प्रत ठेवलेली होती म्हणून वाचले. नंतर फक्त दहा सेंटांच्या पलीकडे गेलेले सूर दुरुस्त केले, आणि तेही ट्यूनर बंद करून, तानपुऱ्याचा सा लावून कानाने.

व्हायोलाच्या लांब सुराचा लूप, म्हणजे सूर लांबवायला रेकॉर्डिंगचा पुन्हा पुन्हा वाजवायचा तुकडा, अजूनही नीट जुळलेला नाही. तुकड्याचा जोड ध्वनिलहर शून्यावर असते तिथे आणला तरी सुरातलं कंपन अर्ध्यावर तुटतं आणि दर दोन सेकंदांनी उचकी लागते. प्रयोगात मी व्हायोलाला लांब सूरच दिला नाही.