सावली बघून लावलेली गाडी

भर दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचं दार उघडलं की आधी आतली हवा बाहेर पडते, मग आपल्याला आत जाता येतं. मी तर दार उघडून दोन पावलं मागेच सरतो, कुणी वडीलधारं माणूस तावातावाने बाहेर निघाल्यासारखा. मग चटक्यांना सुरुवात होते. सीटचा चटका कपड्यांमुळे जरा सौम्य लागतो, सीटबेल्टच्या बक्कलाचा मात्र थेट लागतो. स्टिअरिंग पहिली काही मिनिटं दोन बोटांनी धरायचं, तेही बोटं आलटून पालटून.

त्यात माझी गाडी काळी. रंग मीच पसंत केला होता, हिवाळ्यात. काळ्या आणि चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात शेजारी शेजारी उभ्या करून मोजमाप झालेलं आहे. काळीचं छत पंचवीसेक अंशांपर्यंत जास्त तापतं, आतल्या हवेत मात्र पाचसहा अंशांचाच फरक पडतो. या ‘पाचसहाच’वर मी बरीच वर्षं समाधान मानत आलो आहे. कारण आतल्या काहिलीचा खरा धनी रंग नाही, काच आहे. ऊन काचेतून बिनदिक्कत आत येतं, डॅशबोर्ड आणि सीटवर पडून त्यांना तापवतं. तापलेल्या वस्तूंतून जी उष्णता बाहेर पडू पाहते ती वेगळ्या जातीची, लांब लहरींची असते. तिला काच जाऊ देत नाही. तापलेली हवाही बंद काचांआड अडकते.

जिनिव्हाच्या ओरास बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७च्या सुमारास मुद्दाम हेच केलं होतं. आतून काळी केलेली पेटी, वर काचेची झाकणं, आणि ती उन्हात ठेवायची. पुढे पुढे पेटी सुधारत गेली तसं आतलं तापमान पाणी उकळतं त्याच्याही वर गेलं. उन्हाचा चुलीसारखा उपयोग करू पाहणाऱ्यांत त्याचं नाव आदराने घेतात. आपण मात्र तीच पेटी चाकांवर बसवतो, तिच्यात पाण्याची बाटली विसरतो आणि संध्याकाळी ते पाणी प्यायला जातो.

उपायांपैकी ‘काच बोटभर खाली ठेव’ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला मी कित्येक वर्षं इमानेइतबारे पाळला. नंतर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाबद्दल वाचलं आणि बोटं आवरली. बंद गाडीतलं तापमान तासाभरात बावीसेक अंशांनी चढलं होतं, त्यातला बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासातलाच. काचा थोड्या उघड्या ठेवल्याने त्यात जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून लहान मुलाला किंवा कुत्र्याला गाडीत ठेवून जाणाऱ्याला हे कुणीतरी हात धरून सांगायला हवं. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. इथे थट्टा थांबते.

पुढच्या काचेला लावायच्या चकचकीत पडद्याचा उपयोग होतो. ऊन डॅशबोर्डवर पडून उष्णता होण्याआधीच तो त्याला उजेडाच्या रूपात आल्या वाटेने परत पाठवतो. त्याला पुन्हा दुमडून त्याच्या गोल पिशवीत घालणं ही विद्या मात्र मला अजून साधलेली नाही. एक टोक धरलं की दुसरं नाकावर बसतं. गाडी लावून झाल्यावर स्टिअरिंग अर्धं फिरवून ठेवण्याची युक्ती त्यापेक्षा साधी. हात लागायचा तो भाग खाली सावलीत जातो. पुढची चाकं वाकडी राहतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की या माणसाला गाडी लावता येत नाही. वाटू द्यावं.

निघताना दार हलवण्याचा प्रकार त्याहून हास्यास्पद, पण गुणकारी. पलीकडच्या बाजूची काच पूर्ण खाली करायची आणि अलीकडचं दार पाचसहा वेळा पंख्यासारखं उघडझाप करायचं. कोंडलेली हवा पलीकडून बाहेर फेकली जाते. एकदा मी हे करत असताना एक सज्जन थांबले, ‘लॅच बिघडलंय का हो?’ म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी दार एवढ्या जोरात लावलं की सगळी गाडी हलली. मी आभार मानले.

एसीचंही असंच. बसल्याबरोबर काचा घट्ट लावून एसी शेवटच्या आकड्यावर नेणारे लोक मला समजत नाहीत. आतली हवा बाहेरच्या रखरखीत हवेपेक्षाही तापलेली असते. म्हणजे त्या घडीला बाहेरची चाळीस अंशांची झळ हीच त्यातल्या त्यात थंड हवा. तेव्हा काचा खाली करून थोडं अंतर जावं, आतली भट्टी वाऱ्यावर सोडावी, मग काचा लावून गोल बाणाचं ते बटण दाबावं. आता एसी गार झालेलीच हवा पुन्हा गार करत बसतो. बरं, आपल्याला निदान बटण तरी आहे. पॅकार्ड कंपनीने १९३९ साली पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून गाडी दाखवली, तेव्हा त्या यंत्रणेने निम्मी डिकी व्यापली होती आणि ती पूर्ण थांबवायची तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे.

तरी या सगळ्यापेक्षा माझी भिस्त सावलीवर. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेले, सावलीतल्यांचे ४८वर. स्टिअरिंग उन्हात ५३, सावलीत ४२. डॅशबोर्डवर एकवीस अंशांचा फरक, तोही फुकट. पण सावली एका जागी थांबत नाही. सकाळी जी जागा गारेगार असते ती दुपारी तव्यासारखी तापते आणि लोक येतात सकाळी. हे उमगल्यापासून मी सकाळी इमारतीच्या पूर्वेला, लख्ख उन्हात गाडी लावतो. माथ्यावर आलेला सूर्य पश्चिमेला कलला की सावली आपणहून माझ्याकडे चालत येते.

परवा असाच उन्हात गाडी लावून, स्टिअरिंग फिरवून, पडद्याशी झटापट करून उतरलो. इमारतीच्या पश्चिमेला, सावलीत, एका गृहस्थांनी नुकतीच गाडी लावली होती. त्यांनी माझ्या काळ्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. ‘इथे अजून एक जागा आहे,’ म्हणाले. मी नुसता हसलो. मनात म्हटलं, तीन वाजता भेटू.

साडेअकराला खिडकीतून पाहिलं तर ते काम उरकून, गार गाडीत बसून, निघूनही चालले होते.